डीएनए टेस्टमधले टक्के का बदलतात?

अमेरिकेतल्या मेक्सिकन कुटुंबातल्या कुणी लाळेचा नमुना पाठवला, की ॲपवर साधारण तीन नावं दिसतात: स्पेन, मेक्सिकोचे मूळ रहिवासी, आफ्रिका. कारण इतिहासात आहे. 1521 मध्ये स्पॅनिशांनी तेनोच्तित्लान जिंकलं, पुढे आफ्रिकेतून गुलाम आणले.

पण समोरचे टक्के म्हणजे अंदाज. सॉफ्टवेअर तुमचा डीएनए कंपनीकडच्या नमुन्यांशी ताडून बघतं. नमुने वाढले की टक्के बदलतात, पूर्वज तेच राहतात. मूळ रहिवाशांचे नमुने कमी, त्यामुळे नेमकी जमात सहसा कळत नाही.

मग चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी कामी येतात. स्पॅनिश पद्धतीत आडनावं दोन, आधी वडिलांचं, मग आईचं. म्हणजे आईकडची बाजूही शोधता येते. आणि पणजी नाहुआत्ल बोलायची का, हे कुठलंच ॲप सांगणार नाही. ते आजीलाच विचारा.