लेसर पॉइंटरचे विच्छेदन : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

लेसर पॉइंटरची नळी पिचली किंवा त्याचे बटण निकामी झाले, म्हणजे तो टाकून न देता त्यातला प्रकाश देणारा भाग सोडवून घ्यावा आणि त्यापासून दाराची धोक्याची घंटा, भिंतीवर रेषा आखण्याचे साधन किंवा शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी एखादा प्रयोग सिद्ध करावा, ही कल्पना सर्वथा स्तुत्य होय. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड यांवर सुट्या भागांच्या ढिगांतून हवी ती वस्तू शोधून काढणाऱ्या हौशी मंडळींना तर ती नवीही नाही. तथापि या उपकरणाविषयी ज्या समजुती रूढ आहेत त्यांपैकी बहुतेक विजेरीच्या अनुभवावरून जशाच्या तशा उचललेल्या असल्यामुळे, ज्या भागाचा पुनरुपयोग करावयाचा तोच काम सुरू होण्यापूर्वी प्राणास मुकतो, असे वारंवार घडते.

स्वस्तातल्या लाल पॉइंटरची नळी बारीक करवतीने लांबीच्या दिशेने हलकेच चिरली, तर आत एक पितळी नळकांडे, त्याच्या तोंडाशी आट्यांत बसविलेले प्लास्टिकचे इवलेसे भिंग, भिंगामागे बारीक स्प्रिंग आणि पाठीमागे हिरव्या पट्टीवर एक रेझिस्टर, एक बटण व पट्टीच्या टोकाशी मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा अर्धवाहकाचा तुकडा, एवढाच ऐवज हाती लागतो. तो तुकडा म्हणजे लेसर डायोड. किरण मुळातच सरळ आणि बारीक असतो, भिंग केवळ धूळ आत जाऊ नये म्हणून असते, असे मानणारे पुष्कळ भेटतात. आणि त्याला कारणही आहे, कारण १९६० साली मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून जो पहिला लेसर काढला, तशाच लांब कांडीचे आणि तिच्या दोन टोकांच्या आरशांचे चित्र पाठ्यपुस्तकांतून आपल्या मनावर ठसलेले असते. डायोडमध्ये मात्र प्रकाशाचे निर्गमद्वार जेमतेम एका मायक्रॉनच्या उंचीचे असते, आणि इतक्या अरुंद फटीतून बाहेर पडणारा प्रकाश विवर्तनामुळे एका दिशेने सुमारे ३० अंशांत, तर तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने सुमारे १० अंशांत फाकतो. भिंग काढून पाहावे, म्हणजे समोरच्या भिंतीवर बिंदू न पडता लांबट, फिकट लाल पट्टा पडलेला दिसेल. त्या फाकलेल्या प्रकाशाला आवरून समांतर करण्याचा सारा जिम्मा भिंगाचा आहे. आणि तेही काम ते सर्वस्वी साधत नाहीच, कारण भिंगातून निघालेला किरणसुद्धा एक किलोमीटरवर सुमारे एक मीटर रुंद झालेला असतो. सबब, भिंगाच्या आट्या फिरवावयाच्या असतील तर समोरच्या दोन हातांवरच्या भिंतीकडे पाहून फिरवू नयेत. खोलीत मिळेल तितक्या दूरच्या भिंतीवर, आठ-दहा मीटरांवर, बिंदू सर्वांत लहान होईपर्यंत किंचित किंचित फिरवाव्यात आणि मग वार्निशाच्या एका थेंबाने त्या जागीच पक्क्या कराव्यात.

सर्वांत घातक गैरसमज विजेच्या बाबतीतला आहे. पॉइंटरमध्ये दीड व्होल्टचे तीन बटण सेल असतात, म्हणजे साडेचार व्होल्ट झाले, आणि मोबाइलच्या चार्जरमधून पाच व्होल्ट मिळतात. तेव्हा अर्ध्या व्होल्टचा तो काय फरक, असा हिशेब सर्रास केला जातो. हा हिशेब बल्बाला लागू पडेल, डायोडला नाही. लाल लेसर डायोड स्वतःपुरते सुमारे २.२ व्होल्टच घेतो, उरलेले २.३ व्होल्ट रेझिस्टरने पचवावयाचे असतात. दाब पाचावर नेला की रेझिस्टरच्या वाट्याला २.८ येतात, आणि प्रवाह एकदम पंचमांशाने वाढतो. त्यातही चिमुकल्या सेलांचा अंतर्गत रोध मोठा असतो व स्वस्त मालाचा कारखानदार तो आपल्या हिशेबात गृहीत धरून मोकळा होतो. चार्जर लावताच तोही अडसर नाहीसा होतो. आता डायोडचा स्वभाव असा, की एका ठरावीक मर्यादेखालच्या प्रवाहाला तो साध्या एलईडीसारखा मंद उजळतो आणि ती मर्यादा ओलांडली की त्याचा प्रकाश झपाट्याने चढत जातो. ही मर्यादा २० मिलिअँपिअर आणि नेहमीचा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला, तर ३६ मिलिअँपिअरला प्रकाश पंचमांशाने न वाढता दीडपटीहूनही अधिक होतो. एवढ्या प्रखर प्रकाशाचा भार स्फटिकाच्या ज्या कडांवर पडतो, त्या कडाच लेसरचे आरसे असल्यामुळे, त्या एकदा होरपळल्या की डायोडची लेसरपदवी कायमची गेली; आणि याला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही अवधी लागत नाही.

यातूनच पुढचा भ्रम जन्मतो. असा गतप्राण डायोड काळोखी धरत नाही. तो मंद तांबूस प्रकाश देतच राहतो. मग भिंग मळले असेल, सेल उतरला असेल अशा तर्काने दाब आणखी वाढविला जातो आणि उरलेसुरलेही संपते. डायोड जिवंत आहे की नाही याची खातरजमा करण्याची एक साधी रीत आहे : पांढऱ्या भिंतीवरील ठिपक्याकडे बाजूने निरखून पाहावे. खऱ्या लेसरच्या ठिपक्यात रवाळ, चमचमणारे कण दिसतात आणि आपण मान हलविली की तेही हलल्यासारखे भासतात. मृत डायोडच्या उजेडात ही कणीदार चमचम मुळीच नसते. पाच व्होल्टांवरच काम भागवावयाचे असेल तर वीस-तीस ओहमांचा जादा रेझिस्टर जोडून प्रवाह मापकावर पाहावा, आणि शक्य असल्यास प्रवाह स्थिर राखणाऱ्या लहानशा सर्किटची तजवीज करावी.

तारा जोडताना आणखी एक फसगत होते. विजेरीच्या सवयीने बाहेरचे धातूचे अंग ऋण मानले जाते, पण पुष्कळ पॉइंटरांत पितळी अंग धन आणि आतली स्प्रिंग ऋण असते, आणि लेसर डायोड उलट दाब दोन-एक व्होल्टांपलीकडे सोसत नाही. ते पितळही केवळ कवच नव्हे. डायोडची उष्णता तेच वाहून नेते, म्हणून पट्टी त्यातून उपटून नुसती वापरू नये.

डोळ्यांविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात : एक, एवढ्याशा सेलांवर चालणाऱ्या खेळण्याने काय व्हायचे आहे, आणि दुसरी, लेसर म्हणजे कागद जाळणारे अस्त्र. दुसरी चटकन निकालात निघते, कारण सामान्य पॉइंटरच्या पाच मिलिवॅटांत जाळण्याचे सामर्थ्य नसते. ते करामतीचे डायोड डीव्हीडी लिहिणाऱ्या यंत्रांतले आणि शंभर मिलिवॅटांहून अधिक शक्तीचे असतात. पहिलीचा मात्र हिशेबच मांडला पाहिजे. भर दुपारी सूर्याकडे पाहिले तर आकसलेल्या बाहुलीतून सुमारे तीन मिलिवॅट शक्तीचा प्रकाश डोळ्यात शिरतो, म्हणजे एक मिलिवॅटचा लेसर त्याच्या एक-तृतीयांशच; परंतु सूर्याचे बिंब दृष्टिपटलावर सुमारे ०.१६ मिलिमीटर रुंद पडते, तर लेसरचा बिंदू ०.०२ मिलिमीटरच्या आसपास एकवटतो. क्षेत्रफळातील हा साठपटींचा फरक जमेस धरला, की त्या बिंदूवरील तीव्रता सूर्यबिंबाच्या वीसपट भरते. एक मिलिवॅटपर्यंतच्या वर्गाला जी सुरक्षिततेची सनद मिळाली आहे, ती पापणी पाव सेकंदात आपोआप मिटते या भरवशावर. हट्टाने टक लावून पाहणाऱ्या मुलाला तिचा उपयोग नाही. शिवाय स्वस्त मालाच्या चिठ्ठीवरील आकडा हा पुरावा नव्हे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत दृष्टीला इजा झाल्याच्या वार्तांनंतर पुण्यात पोलिसांनी ज्यांवर मनाई हुकूम काढले, ते लेसरझोत या पॉइंटरांहून फार मोठ्या शक्तीचे होत. पण इजा होण्याची रीत एकच.

हिरव्या पॉइंटरच्या वाटेला मात्र, माझ्या मते, हौशी माणसाने जाऊच नये. हिरवा रंग डोळ्यांना लालपेक्षा सुमारे आठपट उजळ वाटतो म्हणून तो अधिक शक्तिमान, ही समजूत चुकीची आहेच. परंतु खरी मेख आत आहे. नेहमीच्या हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा प्रकाश देणारा डायोड नसतो. ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त डायोड एका स्फटिकाला उद्दीपित करतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा, तोही अदृश्यच, प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. उरलेले अवरक्त किरण अडविण्यासाठी शेवटी एक गाळणी असावी लागते. स्वस्त मालात ही गाळणी खर्च वाचविण्यासाठी पुष्कळदा वगळली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली अशाच एका स्वस्त पॉइंटरची तपासणी प्रसिद्ध केली. त्याचा हिरवा किरण फिका होता, पण अदृश्य अवरक्त किरण हिरव्यापेक्षा कितीतरी प्रबळ होते. खाली पडून स्फटिक हलले तरी हाच प्रकार होतो, आणि स्फटिक काढून टाकणारा तर सर्व बंधनेच काढून टाकतो. अवरक्त प्रकाशाला पापणी मिटत नाही.

लाल डायोड शाबूत निघाला, तर त्याला नजरेच्या उंचीखाली घट्ट बसवून किरणाच्या शेवटी निस्तेज काळा कागद लावावा आणि दाराची घंटा करण्याआधी त्याच्याकडून एक मोजमाप करून घ्यावे. प्रथम जुन्या सीडीवर किरण सरळ पाडावा. तिच्या रेघा १.६ मायक्रॉन अंतरावर असल्यामुळे ६५० नॅनोमीटरचा प्रकाश बाजूला सुमारे २४ अंशांत वळतो, म्हणजे एक मीटरवरच्या पडद्यावर मधल्या ठिपक्यापासून साधारण ४४ सेंटिमीटरवर दुसरा ठिपका पडतो. हे अंतर कमीअधिक भरले तर त्यावरून आपल्या डायोडची खरी तरंगलांबी काढावी. मग किरणाच्या वाटेत डोक्याचा एक केस ताणून धरावा. दोन मीटरवरच्या पडद्यावर काळ्या-लाल पट्ट्यांची माळ उमटते, आणि एका बाजूच्या लागोपाठच्या दोन काळ्या पट्ट्यांतील अंतर साडेअठरा मिलिमीटर आले, तर तो केस ७० मायक्रॉन जाड आहे.