भिंतीवरची कला, गावातले हात

मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात मी ज्या हॉटेलात उतरले, तिथे खोल्या मोजक्या, पण कोरी भिंत एकही नाही. मधल्या चौकात काळी मडकी, खोल्यांत लोकरी गालिचे आणि सगळीकडे छापचित्रं. प्रत्येक वस्तूपाशी कारागिराचं नाव आणि गाव लिहिलेलं होतं.

काळी मडकी सान बार्तोलो कोयोतेपेकची. भाजण्याआधी ती घोटून गुळगुळीत करतात, मग भट्टी बंद करून धूर आत कोंडतात. त्यामुळे चकाकी आणि काळा रंग येतो. गालिचे तेओतितलान देल व्हायेच्या मागांवरचे. त्यांतला पारंपरिक लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून करतात. छापचित्रांची आवड इथे रुजवण्यात चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो (१९४०-२०१९) यांचा मोठा वाटा. १९८८ मध्ये त्यांनी शहरात ग्राफिक कलेची संस्था काढली.

अशा हॉटेलात खोलीच्या भाड्यात कलेचीही किंमत धरलेली असते. म्हणून ते नाव-गाव महत्त्वाचं. ते लिहिलेलं असलं, तर पाहुणा तासाभरात त्या गावी पोहोचून कारागिराकडूनच वस्तू घेऊ शकतो. नसलं, तर नावाजलं जातं हॉटेल आणि हात मात्र अनामिकच राहतात.