अकरा कोऱ्या जागा

टीव्हीवर सामना रंगात आला की कॅमेरा मुख्य प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर जातो. त्याच्या शेजारी, अर्धा चौकटीत आणि अर्धा बाहेर, आणखी एक माणूस बसलेला असतो. त्या अर्ध्या माणसाचं मला जुनं वेड आहे. सरावाचा घाम त्याचा, मुलाखती मात्र दुसऱ्याच्या. या वेडापायी वाचत गेलो आणि जिमी मर्फीपाशी येऊन थांबलो.

खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द झटपट आटोपण्यासारखी आहे. जन्म १९१०चा, वेल्समधल्या ऱ्होंडा या कोळसाखाणींच्या खोऱ्यातला. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनसाठी दोनशेहून अधिक सामने, १९३५च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात पराभव, वेल्ससाठी १५ सामने. जागा राइट हाफची, म्हणजे आजच्या हिशेबात मिडफिल्डर. मग महायुद्ध आलं. १९४५मध्ये इटलीतल्या बारी इथे तो सैनिकांपुढे फुटबॉलवर बोलत होता. ते मँचेस्टर युनायटेडचा होऊ घातलेला मॅनेजर मॅट बझबी याने ऐकलं आणि प्रशिक्षक म्हणून माझ्या क्लबमध्ये येतोस का, असं विचारलं. बझबीने त्या क्लबसाठी केलेल्या निवडींत ही सगळ्यात मोलाची, असं मी बेधडक म्हणेन.

बझबीच्या तरुण संघाचं ‘बझबी बेब्ज’ हे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्या पोरांना घडवलं प्रामुख्याने मर्फीने. १९५३ ते १९५७ अशी सलग पाच वर्षं एफए यूथ कप युनायटेडकडे होता. बॉबी चार्ल्टनला तर त्याने सरावानंतरही एकट्याला मैदानावर राबवलं. डंकन एडवर्ड्स हा त्याचा सगळ्यात लाडका. मर्फी वेल्सचाही मॅनेजर होता. इंग्लंडविरुद्धच्या एका सामन्याआधी त्याने प्रतिस्पर्ध्यांची एकेक खोड सांगितली, पण एडवर्ड्सचं नावच घेतलं नाही. एका खेळाडूने विचारलं तेव्हा म्हणाला, त्याच्या वाटेला जाऊ नकोस म्हणजे झालं! गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेल, पण माणूस कळतो.

वेल्सच्या या पदानेच त्याला वाचवलं. ५ फेब्रुवारी १९५८ला युनायटेड बेलग्रेडमध्ये खेळत होतं, आणि त्याच दिवशी कार्डिफमध्ये वेल्सचा विश्वचषक पात्रतेचा सामना इस्रायलशी होता. बझबीने त्याला वेल्सकडे पाठवलं. परतीच्या विमानात बझबीशेजारची एरवी मर्फीची असणारी जागा बर्ट व्हॅली या प्रशिक्षकाने घेतली. दुसऱ्या दिवशी म्युनिकला विमान कोसळलं. २३ जण गेले, त्यांत आठ खेळाडू आणि व्हॅलीही. मर्फी कार्डिफहून थेट युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर पोहोचला, तेव्हा बझबीच्या सेक्रेटरीने त्याला बातमी सांगितली. तो आपल्या खोलीत जाऊन रडला. मग म्युनिकला गेला. मरणाच्या दारात असलेल्या बझबीने त्याला एवढंच सांगितलं की मी येईपर्यंत संघ टिकव.

पुढच्या तेरा दिवसांचा कागदी पुरावा म्हणजे १९ फेब्रुवारीच्या एफए कप सामन्याची छापील पत्रिका. शेफिल्ड वेन्सडेची अकरा नावं त्यात व्यवस्थित छापलेली आहेत. युनायटेडच्या अकरा जागा कोऱ्या! छपाईच्या वेळी मर्फीकडे संघच नव्हता. ब्लॅकपूलमधून अर्नी टेलर आणला. अॅस्टन व्हिलाच्या स्टॅन क्राउदरने त्याच मोसमात व्हिलाकडून कपचा सामना खेळलेला, त्यामुळे खास परवानगी काढावी लागली. सामना सुरू व्हायला जेमतेम तास उरला असताना त्याची सही झाली. क्राउदर म्हणाला, माझे बूट कुठायत? ते व्हिलाच्या मॅनेजरने स्वतःच बरोबर आणले होते, असं सांगतात. अपघातातून वाचलेल्यांपैकी ग्रेग आणि फोक्स तेवढे खेळले. रिझर्व्ह संघातल्या शे ब्रेननने दोन गोल केले. युनायटेड ३-०ने जिंकलं. दोनच दिवसांनी, अपघातात जखमी झालेला एडवर्ड्स म्युनिकच्या इस्पितळात वारला.

पुढे लीगमध्ये दाणादाण उडाली, चौदा सामन्यांत एकच विजय. तरी मर्फीने संघ वेम्ब्लीला कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. तिथे बोल्टनने ०-२ हरवलं. त्यांच्या नॅट लॉफ्टहाउसने आपला गोलरक्षक ग्रेग याला चेंडूसकट धडक देऊन केलेला दुसरा गोल पंचाने दिला कसा, याचा राग मला अजून येतो.

श्वास घ्यायला उसंत नव्हती. त्याच उन्हाळ्यात मर्फी वेल्सला घेऊन विश्वचषकासाठी स्वीडनमध्ये. हंगेरीला प्ले-ऑफमध्ये हरवलं, आणि वेल्सचा हुकमी खेळाडू जॉन चार्ल्स दुखापतीने बाहेर असताना ब्राझीलला ६० मिनिटांहून जास्त वेळ रोखून धरलं. अखेर सतरा वर्षांच्या पेलेने गोल केला, त्याचा विश्वचषकातला पहिला. वेल्स ०-१ने बाहेर.

बझबी बरा होऊन परतला आणि मर्फी पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर गेला. १९७१पर्यंत तिथेच राहिला. मला हे त्याग वगैरे वाटत नाही. त्याला गणवेश घालून चिखलात पोरांसोबत राहायचं होतं, टाय लावून पत्रकारांपुढे नाही. क्लबने मात्र या आवडीचा सोयीस्कर अर्थ लावला. मर्फी १९८९मध्ये वारला. ओल्ड ट्रॅफर्डबाहेर बझबीचा पुतळा १९९६मध्ये उभा राहिला, मर्फीचा मे २०२३मध्ये. एवढ्या श्रीमंत क्लबला सत्तावीस वर्षं लागावीत, याला माझ्याकडे सभ्य शब्द नाही.