संमिश्र बहुवारिक पटले आणि औद्योगिक सांडपाणी

व्यस्त परासरणात पाणी त्वरेने पार व्हावयाचे तर पटल पातळ हवे; दाब सोसावयाचा तर ते भक्कम हवे. १९६० च्या सुमारास लोब व सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटच्या एकाच पटलास दाट पृष्ठ व सच्छिद्र अंग देऊन हा विरोध सौम्य केला. १९७० नंतरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी ही कार्ये दोन बहुवारिकांत विभागली. पॉलिसल्फोनचा सच्छिद्र आधार दाब सोसतो. त्यावरील पॉलिअमाइडचा, मायक्रॉनहूनही पातळ थर पाणी जाऊ देऊन क्षार अडवितो.

तमिळनाडूतील तिरुपूर येथे सुती कापडावर रंग चढविताना विपुल मीठ वापरतात. जीवाणूंच्या प्रक्रियेने सांडपाण्यातील हे मीठ जात नाही. नोय्यल नदीच्या प्रदूषणामुळे २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई-कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट त्यामागे होती.

येथे संमिश्र पटल उपयोगी पडते. परंतु ते मिठाचा नाश करीत नाही, त्यास केवळ एका बाजूस साठविते. मागे उरलेला गाढ द्राव आटवून मीठ पुन्हा वापरावे लागते, आणि आटविण्यास ऊर्जा लागते. म्हणून पटलाची परीक्षा केवळ पार झालेल्या पाण्यावरून करणे अपुरे ठरते; मागे राहिलेल्या द्रावाची व्यवस्थाही तितकीच निर्णायक असते.