एका बाटलींतलीं भावंडें

एका आईबापांचीं मुलें एका साच्याचीं नसतात, हें जन्मभर शाळेंत घालविलेल्या मनुष्यास निराळें शिकवावें लागत नाहीं. तरीहि आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, रोपांची बाटली घेतांना मी तें विसरलों. चिठ्ठीवर दोन शुभ्र कॅटलियांचा संकर असें लिहिलें होतें. सहा वर्षें निगा राखल्यावर पहिलें फूल उमललें, तें जांभळें! "फसवलं हो तुम्हांला," असें घरांतून ऐकूं आलें, व मीहि विक्रेत्यास खरमरीत पत्र लिहून ठेविलें.

परंतु टपालांत टाकण्यापूर्वीं थोडें वाचन केलें.

आमरीचें बीज धुळीसारखें सूक्ष्म असतें. त्यांत अंकुराची शिदोरी नसल्यानें रानांत तें बुरशीच्या साह्यानें रुजतें. १९२२ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुइस नड्सन यांनीं साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक खाद्यावर तें बुरशीवांचून रुजवून दाखविलें. बाटलींतलीं रोपें हें त्याचेंच फळ. मात्र बाटली एक, अन्न एक, तरी प्रत्येक रोप निराळ्या बीजाचें.

आतां रंगाविषयीं. जांभळा रंग उत्पन्न होण्यास अनेक गुणकांची जोड लागते. सोयीसाठीं दोनच धरूं. एका पांढऱ्या झाडांत पहिला नसतो, दुसऱ्यांत दुसरा. एका घरीं दिवा आहे, तेल नाहीं. दुसऱ्या घरीं तेल आहे, दिवा नाहीं. दोन्ही घरें अंधारीं. पण सोयरीक जुळली कीं उजेड पडतो! कॅटलियांतील हें कोडें इंग्लंडांतील हर्स्ट यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मेंडेलच्या नियमांनीं उलगडलें. दोहोंत उणीव एकच असेल, तर संतति शुभ्रच. उणिवा भिन्न असून एका पालकाजवळील गुणक दुहेरी नसून एकेरी असेल, तर सुमारें निम्मी संतति शुभ्र, निम्मी जांभळी. शिवाय इतर गुणक, ऊन व उष्णता यांनीं छटा बदलतात, तें निराळेंच.

म्हणून बाटलीवरील चिठ्ठी कूळ सांगते, रूप सांगत नाहीं. ज्यांस ठराविकच रंग हवा, त्यांनीं अंकुराग्रापासून वाढविलेलें रोप मागावें. १९६० सालीं फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यांनीं सिंबिडियमवर ती रीत दाखविली. तींत बहुधा मूळ झाडाचीच प्रतिकृति मिळते. बीजापासूनचें रोप घेणाऱ्यानें मात्र सर्व कुटुंब स्वीकारावें, आणि पहिल्या फुलावरून कोणास टाकूं नये. पहिला बहर पुष्कळदां लहान व फिकट असतो. शिवाय माझ्या जांभळ्या फुलाच्या पोटीं दोन्ही घरांचा शुभ्रपणा दडलेला आहे. दोन्ही गुणक स्वतंत्रपणें वांटले गेले, तर अशा दोन जांभळ्या भावंडांच्या संततींत सरासरीनें १६ पैकीं ७ झाडें पुन्हां पांढरीं निघावीत.

पत्र मीं फाडलें. अजून पांच रोपें फुलावयाचीं आहेत. कोणतें पांढरें, कोणतें जांभळें यावर घरांत पैजा लागल्या आहेत. मीं मात्र अद्याप कोणत्याच बाजूस हात उचललेला नाहीं.