कॉलेजात धंदा? आधी तोट्याचे गणित मांडा

शिकता शिकता व्यवसाय करण्याची उमेद चांगलीच. पण त्यासाठी भांडवलाआधी लागते ती योग्य मनोवृत्ती.

"बाबा, कॉलेज करता करता मी एक धंदा सुरू करतोय."

जेवताना मुलाने असे म्हटले की बहुतेक मराठी घरांत क्षणभर शांतता पसरते. मग आई म्हणते, "अरे, आधी डिग्री तर पदरात पडू दे." बाबा विचारतात, "पैसे कोण देणार? आणि बुडाले तर?" मुलाला वाटते, घरच्यांना काही कळतच नाही. घरच्यांना वाटते, मुलाच्या डोक्यात कोणी तरी भलतेच खूळ भरवले आहे.

भिलाईसारख्या गावात ही शांतता जरा जास्तच वेळ टिकते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलाद कारखान्यात नोकरीसाठी देशभरातून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. प्लँटची नोकरी, सेक्टरमधले क्वार्टर आणि महिन्याच्या महिन्याला पगार, हेच येथे सुखी आयुष्याचे चित्र ठरले. आता कायम कामगारांची संख्या पूर्वीच्या मानाने खूपच घटली आहे. चित्र मात्र मनातून पुसले गेलेले नाही.

याच भिलाईत, कारखान्याच्या वसाहतीबाहेर, कोहका आहे. कोहका-कुरुद रस्त्यावर अभियांत्रिकीची आणि औषधनिर्माणशास्त्राची खासगी महाविद्यालये आहेत. जेथे कॉलेज तेथे खोल्या, मेस, झेरॉक्स आणि चहाच्या टपऱ्या आल्याच. एवढी गिऱ्हाइके रोज डोळ्यांसमोरून जात असताना एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात धंद्याचा विचार आला तर त्यात नवल ते काय? प्रश्न एवढाच की, तो विचार कोणत्या मनोवृत्तीने करायचा?

कॉलेज सोडणाऱ्यांच्या गोष्टी

तरुणांच्या तोंडी हमखास दोन नावे असतात, बिल गेट्स आणि मायकेल डेल. दोघांनीही शिक्षण अर्धवट सोडले आणि अब्जाधीश झाले. पण या गोष्टीचा पहिला भाग कोणी सांगत नाही. डेल १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात शिकत होते, तेव्हा वसतिगृहाच्या खोलीतून संगणकांना जादा भाग जोडून ते विकत होते. गिऱ्हाईक आधी मिळाले होते, विद्यापीठ नंतर सुटले. कंपनीची सुरुवातही अवघ्या एक हजार डॉलर्सवर झाली.

दुसरी बाजूही पाहा. पिएर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नव्या कंपन्यांचा अभ्यास करून तो २०२० मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे कंपनी सुरू करतानाचे सरासरी वय ४५ होते. तेव्हा विसाव्या वर्षी गाडी चुकली तर कायमची चुकली, ही भीती मनातून काढून टाका. कॉलेजातला धंदा म्हणजे पुढे उपयोगी पडणारी शिकाऊ उमेदवारी.

किती बुडाले तर चालेल?

मूळच्या भारतीय असलेल्या प्राध्यापिका सरस सरस्वती यांनी अमेरिकेत २७ अनुभवी उद्योजकांची विचार करण्याची पद्धत तपासली. हे लोक "यातून किती मिळेल?" या प्रश्नापासून सुरुवात करीत नाहीत, असे त्यांना आढळले. ते आधी विचारतात, "यात माझे किती बुडाले तर मला झेपेल?" तेवढीच रक्कम ते लावतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा विचार विद्यार्थ्यांच्या तर फारच कामाचा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोहक्यातील दोन विद्यार्थ्यांनी वरच्या वर्गातील मुलांकडून जुने मिनी ड्राफ्टर विकत घेतले. नग २०, प्रत्येकी १५० रुपये, म्हणजे ३,००० रुपये. दुरुस्ती आणि ऑटोभाडे ५०० रुपये. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना ते २५० रुपयांना द्यायचे. कागदावर २० नगांचे ५,००० रुपये, म्हणजे १,५०० रुपये नफा!

प्रत्यक्षात १४ रोखीने गेले. दोन मित्रांनी उधारीवर नेले. चार पडून राहिले, कारण प्रवेशाचा हंगाम संपला होता. हातात आले ३,५०० रुपये. नफा शून्य. पण या दोघांना काय मिळाले ते पाहा. माल हंगामात खपतो, उधारीचा नफा हा नफा नसतो आणि मित्राकडे पैसे मागणे सर्वांत अवघड असते. एवढे शिक्षण त्यांना पदरचा एक पैसा न जाता मिळाले. हेच पैसे फीसाठी घरून आलेले असते आणि एकही ड्राफ्टर खपला नसता तर? तेव्हा ही चूक स्वस्त राहिली नसती.

तीन मर्यादा आधीच लिहून ठेवा

पैशांची मर्यादा: फी, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे यांना हात लावायचा नाही. पहिल्या प्रयत्नासाठी कर्ज तर मुळीच नको. मुद्रा योजनेत लहान व्यवसायाला कर्ज मिळते हे खरे, पण ते फेडावेच लागते. धंद्याची वही वेगळी ठेवा आणि रोज रात्री हिशेब लिहा.

वेळेची मर्यादा: आठवड्याचे तास ठरवा. परीक्षेच्या आधी दुकान बंद. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात विद्यार्थी-उद्योजकांना हजेरीत सवलत आणि सत्राची सुट्टी देण्याची शिफारस आहे. आपल्या कॉलेजात ती लागू आहे का, ते आधी विचारून घ्या.

विश्वासाची मर्यादा: भागीदार जिवलग मित्र असला तरी कोणी किती पैसे घातले आणि नफा-तोटा कसा वाटायचा, ते कागदावर लिहा. डबे किंवा खाद्यपदार्थ विकायचे असतील तर धंदा कितीही लहान असला तरी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करा. गिऱ्हाइकाची प्रकृती हा प्रयोगाचा विषय नव्हे.

किर्लोस्करांची सायकल

मराठी वाचकांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव नवे नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. सायकलींचा धंदा त्यांनी नोकरी सांभाळूनच, बेळगावच्या भावाला हाताशी धरून केला. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये. लहान धंद्यात गिऱ्हाइकाचा नकार पचवायला शिकलेला माणूसच मोठ्या धंद्यात टिकतो.

आईवडिलांनी काय करावे?

सरसकट "नाही" म्हणू नका. नाही म्हटल्याने धंदा थांबत नाही, तो तुमच्यापासून लपवला जातो. आणि लपवलेल्या धंद्यातला तोटाही लपवला जातो. त्याऐवजी महिन्यातून एकदा हिशेबाची वही पाहायला मागा. चूक दिसली तर "मी सांगत होतो ना" हे वाक्य मात्र गिळून टाका.

मुलांनीही जेवताना एकदम घोषणा करू नये. त्याऐवजी असे म्हणून पाहावे, "बाबा, शिकवण्या करून मी साडेतीन हजार जमवलेत. यातून एक लहानसा धंदा करून पाहतो. सगळे बुडाले तरी फीला धक्का लागणार नाही आणि परीक्षेच्या महिनाभर आधी काम बंद ठेवीन. चालेल?"

या प्रश्नावरही घरात क्षणभर शांतता पसरेल. पण बहुधा बाबाच ती मोडतील आणि म्हणतील, "आण बघू तुझी ती वही."