काहीच न करण्याचे वीस डॉलर

मऊ गादी, वेळेवर जेवण आणि दिवसभर नुसतं पडून राहायचं. वर रोजचे २० डॉलर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना हे काम देऊ केलं. एरवीच्या कमाईपेक्षा पैसे भरपूर जास्त होते.

डोळ्यांवर धूसर चष्मा. त्यातून उजेड कळे, आकार कळत नसे. हातांत मोजे, त्यावर पुठ्ठ्याच्या नळ्या, डोक्याभोवती फोमची उशी, कानांवर यंत्राची एकसुरी घरघर. दुखत काहीच नव्हतं. तरी दोन-तीन दिवसांपलीकडे फारच थोडे टिकले.

आधी पोरांनी झोप काढली. मग गाणी, शिट्ट्या, स्वतःशीच बडबड. विचारांचा धागा सुटू लागला, साधी गणितं जड जाऊ लागली. काहींना भास होऊ लागले. एकाला खांद्यावर पोती टाकून बर्फातून निघालेल्या खारींची रांग दिसली. हवं असेल तर ऐकायला काही ध्वनिमुद्रणं होती. त्यांतलं एक सहा वर्षांच्या मुलांसाठीचं, दारूच्या धोक्यांबद्दलचं भाषण. एका तरुणाने तेही पुन्हापुन्हा लावायला सांगितलं!

प्रयोग टोकाचा होता, आपलं घर म्हणजे ती खोली नव्हे. पण त्या मुलांना आपण कंटाळलो आहोत हे स्वच्छ कळत होतं, म्हणून ती उठून गेली. आजच्या सुखवस्तू घरात किराणा दारात येतो, कार्यक्रम आपोआप पुढे सरकतो आणि ते बालिश भाषण हातातल्या फोनवर अखंड चालू असतं. त्यामुळे कंटाळा जाणवण्याआधीच बधिर होतो. दिवस बरे जातात आणि वर्षं कुठे गेली ते सांगता येत नाही. खरी काळजी याचीच आहे.

मिहाय चिक्सेंटमिहाय आणि जुडिथ लफेव्हर यांचा १९८९चा अभ्यास इथे आठवतो. नोकरदारांजवळ पेजर दिले होते; तो वाजला की काय चाललंय, कसं वाटतंय हे लिहायचं. कौशल्याचा कस लागून माणूस रमतो, असे क्षण फावल्या वेळापेक्षा कामातच कितीतरी जास्त सापडले. तरी काम करताना, हे सोडून दुसरं काही करावं, असंच लोकांना अधिक वाटे. आपल्याला कशाने बरं वाटतं, याचा आपलाच अंदाज असा चुकतो.

म्हणून फावल्या वेळात आपणहून अवघड काम अंगावर घेणाऱ्या, जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकायला बसणाऱ्या माणसाचं मोल वाटतं. ओळीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, प्रत्येक लेखनिकाचं वळण वेगळं. सगळी अक्षरं पाठ झाली तरी जुना कागद समोर आला की माणूस पहिल्याच ओळीत अडतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा लावायला बसतो.